बादलची आतली शिवण

जगनभाऊ घोड्याकडे तोंड करून उभे होते. प्रश्न मात्र मला होता.

"काय दिखस डाक्टरताई? शे का काही जिवंत?"

मी दवाखान्याच्या मायक्रोस्कोपवर वाकले होते. स्लाइडवर त्यांच्या बादलचं वीर्य होतं. चांगल्या घोड्याचं वीर्य असं पाहिलं की उकळी फुटल्यासारखी हालचाल दिसते. इथे हलणारे शुक्राणू शोधावे लागत होते. मधे मधे गोल पेशी पसरल्या होत्या. त्यांना शेपटी नाही, हालचाल नाही. शुक्राणू होण्याआधीच आपली जागा सोडून निघालेल्या पेशी.

"शेतस, पन कच्चा," मी म्हटलं. मी जवळच्याच रनाळ्याची, माझी बोलीही हीच. दवाखान्यात प्रमाण मराठी बोलायला गेले की माणसं गप्प होतात.

जगनभाऊ सारंगखेड्याचे. शेती केळी-कापसाची, जीव घोड्यांत. बादलची आई, मखमल, तिथल्या घोडेबाजाराच्या यात्रेत नाव काढलेली घोडी होती. ती गेल्या वर्षी वारली. तिचं मागे राहिलेलं हे एकच पिल्लू. वर्षभर बादलकडे घोड्या आणल्या जात होत्या, एकही गाभण राहिली नव्हती. विसरवाडीचा एक बँडवाला लग्नात नाचवायला घोडा शोधत होता, तो दोनदा पाहून गेला होता.

"भाकड नर कोन ठेवी?" जगनभाऊ म्हणाले. "यात्रापर्यंत जमनं ते जमनं. नई ते खच्ची करा, बँडवालाले दी टाकू."

हे ते भराभरा बोलले. हात सगळा वेळ बादलच्या मानेवर होता.

मी घोडा तपासला. मान जाड, कमानदार. नुसता जोश, धरायला दोन माणसं लागली. पण वृषणं लहान आणि मऊ. हे जुळेना. नराची मान भरते, अंगात मस्ती येते ती टेस्टोस्टेरॉन या हार्मोनमुळे, आणि ते तयार होतं वृषणांत. कारखाना आजारी, मग माल येतो कुठून?

"जगनभाऊ, इंजेक्शन कसानं देतस?"

त्यांनी दोर सोडला, परत बांधला. "ताकदनं."

"कोनी सांगं?"

"यात्रामा एक व्यापारी व्हता. लोके घोडानी मान दखतस, ताई. मान जाडी ऱ्हायनी का घोड्या येतीस."

"मंग पहिलेच काब नई सांगं?"

"बाईमानूस तुम्हीन. हाई बोलनं तुमना समोर कसं काढू?"

"मंग बादलकडे दखीसन सांगा."

त्यांनी खरंच बादलकडे बघून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाटलीही आणून दिली. माझा अंदाज बरोबर होता, आत टेस्टोस्टेरॉनच होतं.

बाहेरून हार्मोन दिलं तर बीज का घटतं, हे मला ढोबळ माहीत होतं. पण त्या गोल पेशी इतक्या का गळतात, याची खात्री हवी होती. मी कॉलेजातल्या माझ्या सरांना फोन केला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मायक्रोस्कोपमध्ये एक डोळा न मिटता पाहायचं असतं, हे मला सरांनी शिकवलं होतं. त्यांचं संशोधन नेमकं याच विषयावर होतं. ते स्वतः आले, बादलला गुंगी देऊन सुईने वृषणाचा कणभर तुकडा काढला आणि म्हणाले, "तूही लॅबला ये. हे फोनवर सांगण्यासारखं नाही."

लॅबमध्ये त्यांनी आधी निरोगी घोड्याची स्लाइड दाखवली. काळोखात एक हिरवी, नागमोडी रेघ. कुठेही न तुटता पूर्ण गोल फिरलेली.

"ही भिंत," सर म्हणाले.

शुक्राणू वयात आल्यावर तयार होतात. शरीराची संरक्षण यंत्रणा आपलं कोण आणि परकं कोण हे त्याच्या कितीतरी आधी शिकून बसलेली असते. त्यामुळे स्वतःचेच शुक्राणू तिला परके वाटतात. सापडले तर ती मारेल. म्हणून वृषणातल्या बारीक नळ्यांमध्ये सांभाळणाऱ्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून रक्त आणि बीज यांच्यामध्ये भिंत उभी करतात. चिकटण्यासाठी त्यांना काही प्रोटीन लागतात. क्लॉडिन हे त्यातलं एक. रेघेतला हिरवा रंग त्याचाच होता.

"पण सर, कच्च्या पेशी तर भिंतीच्या अलीकडे जन्मतात आणि पलीकडे जाऊन पिकतात. मग भिंत उघडत असेल ना?"

सर हसले. "उघडत नाही. पेशी पुढे सरकते तशी तिच्या मागे नवी शिवण पडते. ती पक्की झाली की मगच पुढची जुनी उसवते. थोडा वेळ ती दोन शिवणींच्या मधे असते. भिंतीला भोक पडत नाही."

मी परत मायक्रोस्कोपला डोळा लावला. रेघ स्थिर दिसत होती. पण जिवंत घोड्यात ती आयुष्यभर, क्षणाक्षणाला उसवते आणि शिवली जाते. घोडा उभा राहून कडबा खात असतो, त्याला पत्ताही नसतो.

आणि हे कोण ठरवतं? पेशीत प्रत्येक प्रोटीनची कृती लिहिलेली असते. तिला जीन म्हणतात. कृती सगळ्या पेशींत असते, पण कोणती, कुठे, किती वेळा वापरायची याचे हुकूम वेगळे. टेस्टोस्टेरॉन सांगतं, शिवा. पुढे सरकणाऱ्या पेशींच्या भागातूनही रासायनिक निरोप सुटतात, आता उसवा. या दोन्ही निरोपांच्या तोलावर ती भिंत उभी.

मग सरांनी बादलची स्लाइड लावली. रेघ नव्हती. हिरवे तुकडे होते, मधे काळोख.

वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कितीतरी जास्त लागतं. इंजेक्शनमुळे ते रक्तात वाढलं. मेंदूला वाटलं, भरपूर आहे. त्याने वृषणाला ते बनवण्याचा हुकूम देणं थांबवलं. मान फुगत गेली, आत मात्र दुष्काळ पडला. क्लॉडिनच्या कृतीचा वापर घटला, शिवण विरली. पेशींना धरून ठेवणारे बाकीचे सांधेही सैल पडले आणि त्या कच्च्याच गळू लागल्या.

"परत शिवलं जाईल?" मी विचारलं.

"बहुधा. इंजेक्शन बंद कर आणि काही महिने थांब. खात्री देत नाही."

जगनभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी बादलची मान चाचपली. मग म्हणाले, "म्हन्जे यात्रामा बारीक मान लई जाऊ? लोके हासतीन."

"हासतीन."

"बँडवालाले काय सांगू?"

"होळीनंतर ये म्हना."

त्या हिवाळ्यात यात्रेला मी गेले होते. बादलची मान उतरली होती. एक ओळखीचा घोडेवाला थांबून म्हणाला, "काय भाऊ, घोडाले उपास धराई दिधा का?"

जगनभाऊंनी खरारा चालू ठेवला. "आतलं काम चालू शे," ते म्हणाले.

होळीनंतर मी परत स्लाइड लावली. उकळी नव्हती, पण शोधावंही लागलं नाही. शेपट्या होत्या, हालचाल होती. गोल पेशी तुरळक. वृषणंही भरली होती. सरांना फोनवर सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "शिकलेलं विसरत नाहीत त्या पेशी."

उन्हाळ्यात जगनभाऊंची स्वतःची घोडी बादलला दाखवली. पुढे सोनोग्राफीच्या पडद्यावर गर्भाशयात एक स्वच्छ काळा गोल दिसला. गर्भाच्या पिशवीतलं पाणी असं काळं दिसतं.

"काय दिखस डाक्टरताई?" या वेळी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"मखमलनं नातवंड."

बँडवाल्याने दुसरा घोडा घेतला.

आता यात्रेच्या आधी कोणी घोडा आणला की मी पहिला प्रश्न इंजेक्शनचा विचारते. विचारताना मालकाकडे पाहत नाही, घोड्याकडे पाहते. उत्तर लवकर मिळतं.