पुतळीचा धवला

विमलबाईंच्या पायाला भिंगरी आहे, असं रोह्याला त्यांच्या माहेरी सगळे म्हणत. सत्तरच्या दशकात वडखळजवळच्या खाडीकाठच्या शाळेत नेमणूक झाली, तेव्हा ती भिंगरी त्यांनी बरोबरच आणली. एसटीतून उतरल्या की बांधावरून जवळजवळ पळतच यायच्या. वर्गातली खुर्ची फक्त छत्री अडकवायच्या कामाची. एक खोली, एक फळा आणि चार इयत्ता. बसणार कोण आणि कधी?

त्या वर्षी मात्र त्यांच्या जिवाला घोर लावला तो पुतळीने. दुसरीतली ही पोर बोलण्यात लवंगी मिरची. सुटी अक्षरं ओळखायची, पाटीवर स्वतःचं नावही काढायची, पण पुस्तक उघडलं की हिच्या पोटात दुखायला लागायचं. बाईंनी ओरडून पाहिलं, गोंजारून पाहिलं, चिंचाही दिल्या. पुतळीने चिंचा खाल्ल्या आणि पुस्तक मिटलं.

तिचा बाप काळुराम मिठागरावर कामाला. गणपती गेल्यावर तो शाळेच्या दारात येऊन सांगून गेला, "बाई, दिवाळी झाली का मिठागराचा काम सुरू होते. पोरीला वाचाला येत नसंल त येऊ दे माझे संगती. बारक्या भावाला तरी सांभाळंल."

"आणि वाचायला आलं तर?"

"त ठेवतो शालेन. माझा शबूद हाय."

तेव्हापासून बाईंना घास गोड लागेना. मिठागरावर गेलेली पोर पुन्हा फळ्यापुढे येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर एका मधल्या सुट्टीत पुतळी चिंचेखाली बाहुलीचं लग्न लावत होती आणि ठसक्यात धवले गात होती. तिची आजी धोंडुबाई गावची धवलारीण. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी तिच्या तोंडची, आणि ज्या घरचं लग्न त्या घरची नावं ती गाता गाता धवल्यात गुंफायची. बाईंनी तिथल्या तिथे पोरीकडून एक धवला म्हणवून घेतला आणि फळ्यावर लिहून काढला. पुतळीने त्याच्यावर बोट फिरवत घडाघडा म्हणून दाखवला. बाईंना आकाश ठेंगणं झालं!

दुसऱ्या दिवशी त्यांनी नीट पाहिलं. बोट पहिल्या ओळीवर आणि तोंड पाचवीवर. पोरगी वाचत कुठली, आजीचं गात होती. बाईंना स्वतःचा राग आला, मग पुतळीचा, मग उरलेल्या सगळ्या जगाचा.

आणि मग मनात चोर शिरला. काळुरामला तरी कुठे अक्षर येतं? त्याच्यासमोर हिने असंच घडाघडा म्हटलं की झालं. पोर शाळेत राहील. वाचायला शिकवीन मागाहून. दिवाळीची सुट्टी त्यांनी त्या चोराशी भांडण्यातच घालवली.

शाळा उघडली त्या सकाळी त्यांनी धवला पुन्हा फळ्यावर लिहिला, आणि त्यांचे हात शिवशिवायला लागले. धवल्याच्या शेवटी मांडवाच्या दारी उभ्या राहिलेल्या नवरीची ओळ होती. ती त्यांनी पुसली आणि दुसरंच काही लिहिलं. हातातला खडू खाली ठेवतात तोच काळुराम दारात.

"मुकादमानं उद्यापासून बोलवलाय, बाई. वाचते का माझी पोर?"

आता फळा पुसायलाही वेळ नव्हता. पुतळी उठली, बोट लावलं आणि सुरू झाली. गाडी सुसाट! काळुरामचा चेहरा फुलत गेला. शेवटाला मात्र तिची नजर स्वतःच्या नावावर पडली आणि ती थबकली. आजीच्या धवल्यात हे नाव नव्हतं.

"शा... ले... चे..."

काळुरामचा चेहरा उतरला. "आता का गो अडखलते? नाय येत तिला, बाई. उगा तुमचा टाइम घेतला."

बाईंना राहवेना. "थांबा काळुराम! आधी घडाघडा म्हटलं ना, ते वाचन नव्हतंच. ते तुमच्या आईचं गाणं तिला तोंडपाठ आहे. मी तुम्हाला फसवणार होते. आता अडखळतेय, हे खरं वाचन. पुरं होऊ द्या."

"शालेचे... दारी गो... कोन उभी?" पुतळीने घाम पुसला. "का... लु... रा... मा... ची..." ती गर्रकन बापाकडे वळली, पुन्हा फळ्याकडे वळली. "कालुरामाची पुतली उभी!"

काळुराम फळ्याजवळ आला. जन्मभर त्याने अंगठाच उठवला होता.

"माझा नाव हाय त्याच्यान?"

"व्हय बा, ह्या बघ." तिचं बोट आता बरोबर जागेवर होतं.

त्याने हात पुढे केला, पण पुसलं जाईल या भीतीने मागे घेतला. "मुकादमाला सांगतो, पोर येत नाय," असं म्हणून निघाला, आणि उंबऱ्यातून परत वळला. "सांजचं फला पुसाल त एवढा राहू द्या, बाई."

तो गेल्यावर विमलबाईंच्या पायाची भिंगरी थांबली. छत्री बाजूला करून त्या पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या. डोळ्यांतलं पाणी पुसतात न पुसतात तोच पुतळीने त्यांच्या हातात खडू कोंबला.

"बाई, बसल्याव काय? आता आजीचा नाव लिवा. मना वाचाचाय."