गोऱ्या ताईची दुभाषी

माझी इंटर्नशिप परंड्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात चालू होती. ती माझी आहे असं मला जर्मनीची एक मुलगी येईपर्यंत वाटत होतं. ती डॉक्टरकी शिकत होती आणि आपल्याकडचा दवाखाना बघायला महिनाभर आली होती. तिला मराठी येत नव्हतं, पेशंटांना इंग्रजी येत नव्हतं, आणि आम्हा नर्सिंगच्या मुलींत इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. मोठ्या डॉक्टरांनी बोलावून सांगितलं, आता हिच्याबरोबर राहायचं. झालं! मला शिरेत सुई लावायची सफाई आणायची होती, बाळंतपणं बघायची होती. ते सगळं बाजूला राहिलं आणि मी दिवसभर तिच्यामागं शेपटासारखी फिरायला लागले.

तिचंही इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, एवढंच सुख. बाकी सगळा वैताग. सगळे तिला गोरी ताई म्हणायचे. पेशंट स्वतःचं दुखणं सांगायच्या आधी तिची चौकशी करायचे. लग्न झालंय का, आईबापानं एवढ्या लांब एकटीला कसं सोडलं, तिकडं ज्वारी मिळती का. काही जण धडधाकट असून तिला बघायला केसपेपर काढायचे. त्यात तिचं एक खूळ होतं. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, हे प्रत्येकाला विचारायचंच. लोक म्हणायचे, लई. लई म्हणजे किती, तर म्हणायचे, लईच. एका आजोबांनी बराच विचार करून ‘बारा आणे’ सांगितलं. मी मनात हिशोब करून साडेसात म्हटलं, तर हा अर्धा कुठून आला ते तिला समजून घ्यायचं होतं. तिकडं रांग दारापर्यंत गेलेली.

अशाच एका बाजाराच्या दिवशी खेड्यातली एक सासू आपला गुडघा दाखवायला आली. मागं सून, हातात पिशवी, पदर डोक्यावर, दिवस भरत आलेले. सासूबाईंनी गुडघ्याची कहाणी विहिरीवर पाय घसरला तिथून सुरू केली. बार्शीचा डॉक्टर झाला, कुर्डुवाडीचा झाला, झाडपाल्याचा झाला. मी त्यातलं चार शब्दांत उरकत होते. ताईचं मात्र लक्षच नव्हतं. ती सुनेकडं बघत होती. तिला काय होतंय ते विचार, म्हणाली. मी विचारलं. सुनेनं तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या.

“तिला काय धाड भरलीय? माझ्यासंगं आलीया ती.”

मी ताईला सांगितलं, तिला काही नाही. तरी ही बया उठली, सुनेचा हात हातात घेतला आणि हिरव्या बांगड्यांशी चाळा करायला लागली. बाकड्यावरच्या बायकांना तर जत्राच मिळाली. कुणी म्हणालं, बाईला बांगड्या आवडल्या. कुणी म्हणालं, कासाराकडं न्या तिला. सासूबाई गुडघा विसरल्या आणि मला बजावलं की हिरवा चुडा लग्नाबिगर भरत नाहीत, तेवढं सांग हिला. आणि मीही शहाणी! सकाळपासून पाणी प्यायला मिळालं नव्हतं, आणि उभ्याउभ्या तिला इंग्रजीत हिरव्या चुड्याचं महत्त्व सांगत बसले. तिनं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, मला बांगड्या नकोत. या फिरतच नाहीत, बघ.

मी बघितलं. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. पायाच्या नळीवर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. रक्तदाब मोजल्यावर डॉक्टरांचा आवाज बदलला. पोटुशीचा दाब इतका चढला की झटके येतात, आई आणि बाळ दोघंही हातचे जातात. त्यांनी गाडी बोलावली. धाराशिवला न्यायचं होतं, त्याआधी सलाईन लावायचं होतं, आणि सिस्टर म्हणाल्या, हात आणखी सुजायच्या आत बांगड्या वाढवाव्या लागतील.

सासूबाई खाटेपुढं आडव्या उभ्या राहिल्या. भरल्या पोटी चुडा फोडायचा म्हणजे काय, त्यांच्या लेकाचं काही बरंवाईट झालं तर कोण जबाबदार? साबण लावून झाला, तेल लावून झालं. सिस्टरांनी समजावलं, डॉक्टर ओरडले. गाडी दारात येऊन उभी होती. ताई माझा दंड धरून विचारत होती, काय म्हणतात त्या, काय म्हणतात. माझं डोकं असं फिरलं होतं की मला ना मराठी सुचत होतं ना इंग्रजी. हे कुठल्या भाषेत सांगायचं असतं?

तेवढ्यात सुनेनं उजवा हात खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटला. एकदा, पुन्हा एकदा. काचा खाली पडल्या, मनगटावर थोडं रक्त आलं. सासूबाई मटकन खाली बसल्या. सुनेनं डावा हात माझ्यापुढं धरला. त्या हाताच्या मी वाढवल्या.

धाराशिवला तिला मुलगी झाली. दोघी वाचल्या. ताई मायदेशी गेली, मी पुन्हा माझ्या सुया आणि सलाईनला लागले. काही दिवसांनी सासूबाई परत हजर. तोच गुडघा. सून मागं, खांद्यावर लेक. बाकड्यावर बसून त्या शेजारणीला सांगत होत्या की गोरी बाई उगंच घाबरली आणि चांगला चुडा फुकट गेला. हिला काय झालंच नव्हतं. मी हातातला ट्रे आपटला. आता काय ते सुनावणारच होते.

सुनेनं लेकीला एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं.

“झालं व्हतं, आत्याबाई,” ती म्हणाली. “डोळ्यापुढं अंधारी यायची. तुमाला रोज सांगत व्हते.”