खोकलाकाकांचा सिनेमा

टेलरबाईंच्या खोलीत शिलाईचं मशीन खिडकीकडे तोंड करून आहे आणि टीव्ही त्याच्या बरोबर मागे, कपाटावर. पाहुणे आले की त्यांना हे उलटंपालटं वाटतं. टीव्ही लावायचा आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचं, हे कसलं बघणं? पण टेलरबाई गेली वीस वर्षं असाच सिनेमा बघतात. कानांनी. डोळे कापडावर, पाय पायडलवर आणि कान मागे.

आणि सिनेमा एकच. दोन सख्खे भाऊ मिळून एक बस घेतात, पहिल्याच महिन्यात भांडतात आणि एकमेकांशी बोलणं टाकतात. बस मात्र चालवावीच लागते. मोठा कंडक्टर, धाकटा ड्रायव्हर. जे सांगायचं ते घंटेनं, नाहीतर एखाद्या गरीब बिचाऱ्या प्रवाशामार्फत. "ड्रायव्हरला सांगा, पुढच्या वळणावर खड्डा आहे." "कंडक्टरला सांगा, मला डोळे आहेत." असं अडीच तास.

टेलरबाईंनी नवे सिनेमे लावून पाहिले नव्हते असं नाही. मुलगी दोन वर्षांची असताना नवऱ्यानं हौसेनं एक नवा आणला होता. ऐन रंगात आलेल्या मारामारीला त्यांनी मान वळवली आणि सुई नखातून आरपार गेली. तेव्हा त्यांना समजलं, की नवा सिनेमा डोळे मागतो. जुना काहीच मागत नाही. तो नुसता सोबत बसतो.

शिवाय आणखी एक होतं, जे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. टेलरबाई काळजी करणाऱ्या बाई. गॅस बंद केला का, नवरा रस्ता नीट ओलांडतो का, मुलीच्या दप्तरात पाण्याची बाटली सांडली तर पुस्तकांचं काय. नवरा पाण्याची मीटरं दुरुस्त करायचा. तो म्हणे, "अगं, शिलाईऐवजी काळजीचं दुकान काढ. गिऱ्हाईक हटायचं नाही." तर अशा बाईंच्या अख्ख्या दिवसात एकच गोष्ट अशी होती, की तिचं पुढे काय होणार हे पक्कं ठाऊक होतं. बस घाटात घसरणार, ऐन वेळी ब्रेक लागणार आणि धाकटा सगळ्यांदेखत म्हणणार, "दादा, एक तिकीट दे, मी आज तुझा प्रवासी." हे रोज होणारच होतं. त्याची काळजी नव्हती.

सीडी होती रस्त्यावरची. कुणीतरी थिएटरात कॅमेरा लपवून चोरून काढलेली, दोन भागांत, कागदी पाकिटात. स्वस्तात मिळाली म्हणून नवऱ्यानं घेतली. चित्र तिरकं, पडद्याच्या कोपऱ्यात कुणाचं तरी डोकं. आणि आवाजात सगळं थिएटर. भावांचं भांडण संपून सगळे गप्प होतात त्या क्षणी पहिल्या रांगेत कुणीतरी खोकतं, दोनदा कोरडं आणि एकदा खोल. एक बाई विनोद व्हायच्या आधीच हसते, म्हणजे तिचं हे दुसऱ्यांदा तरी असणार. आणि मध्यंतराच्या थोडं आधी एक तान्हं मूल रडायला लागतं.

मुलगी या आवाजांतच वाढली. तिचं लाडाचं नाव बटण, कारण रांगायला लागल्यावर तिनं पहिली गोष्ट तोंडात घातली ती बटण होती. टेलरबाईंनी ते तोंडातून काढलं, पण त्यानंतर महिनाभर त्या रोज डबा उलटा करून बटणं मोजत होत्या. या बटणानंच सगळ्यांना नावं दिली: खोकलाकाका, हसरी मावशी आणि बाळ. चार वर्षांची असताना ती विचारायची, "आई, खोकलाकाकांना औषध कोण देतं?" टेलरबाई म्हणायच्या, "त्यांच्या घरचे देत असतील." पण खरं सांगायचं तर त्यांनाही ती काळजी होतीच. बाळाची तर जास्तच. त्या बाळाला कुणीतरी बाहेर नेतं, मग रडणं थांबतं. दूध मिळालं असेल का? एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ते बाळ आता आपल्या बटणाएवढं झालं असेल."

"मग त्याचं लग्न जमतंय का बघू?"

"चेष्टा नको. नुसतं आठवलं."

कामही याच आवाजांवर बसलेलं. टेलरबाई एका दवाखान्याचे पांढरे कोट शिवतात. कोटाच्या पुढच्या डाव्या भागाला छातीवर खिसा, उजव्याला नाही. पांढऱ्या कापडाला सुलटं-उलटं नसतं, त्यामुळे डावा कुठला आणि उजवा कुठला हे चटकन लक्षात येत नाही. बाईंची पद्धत ठरलेली. सिनेमा सुरू झाला की डाव्या भागांचा ढीग घ्यायचा आणि खिसे लावत सुटायचं. दिवसाला बारा. खोकलाकाका खोकले की खिसे थांबवायचे आणि उजवा ढीग ओढायचा. घड्याळ नको, मोजणं नको. वीस वर्षांत चूक नाही.

बटण शिकली आणि दुसऱ्या शहरात नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरीला लागली. टेलरबाईंना अभिमान वाटला, तो साधारण स्टेशनवरून घरी येईपर्यंत टिकला. मग फोन सुरू झाले. सकाळी उठलीस का, डबा घेतलास का, दार आतून लावलंस का. दिवसाला सात, कधी नऊ. मुलगी आधी हसली, मग "आई, कामात आहे" म्हणू लागली, मग फोन उचलेनाशी झाली. एका दुपारी दोन तास उत्तर आलं नाही तेव्हा टेलरबाईंनी कचेरीचा नंबर शोधून काढला आणि वॉचमनला वर पाठवलं. भला माणूस. तो भरल्या बैठकीत शिरला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या आईचा फोन आहे. विचारतात, जेवलात का."

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त लागलं.

"आई, एक महिना तू मला फोन करू नकोस. मीही करणार नाही. मला जमतंय का बघू दे. आणि तुलाही."

"अगं, पण..."

"बाबांना रोज मेसेज करीन. तेवढं पुरे."

मेसेज यायचा. रोज संध्याकाळी दोनच शब्द: बरी आहे. नवरा मोठ्यानं वाचून दाखवायचा. टेलरबाई विचारायच्या, "बरी म्हणजे किती बरी?" तो म्हणायचा, "दोन शब्दांएवढी." आपण पोरीला दूर लोटलं, आता महिना संपला तरी ती बोलेल ती कर्तव्य म्हणून, हे त्यांच्या मनात ठाण मांडून बसलं होतं. ते त्या नवऱ्यालाही सांगत नव्हत्या. पायडल मात्र जोरात मारत होत्या.

अकराव्या दिवशी पहिली सीडी काढताना तिचे दोन तुकडे झाले.

नवऱ्यानं तुकडे हातात घेऊन पाहिले. "दुसरा भाग शाबूत आहे ना? अर्धा सिनेमा तर आहे."

"अहो, भांडणच झालं नाही तर मिटणार काय?"

मग त्यानं कुणाकुणाला विचारून तोच सिनेमा पेनड्राइव्हवर मिळवला आणि टीव्हीला लावून दिला. चित्र सरळ, रंग ताजे, आवाज स्वच्छ. "बघ, आता घंटासुद्धा कशी खणखणीत वाजते," असं म्हणून तो कामावर गेला.

टेलरबाई मशीनवर बसल्या. चोवीस कोटांची ऑर्डर, चोवीस खिसे कापून तयार. डावा ढीग घेतला, सिनेमा सुरू झाला, खिसे लागू लागले. भाऊ भांडले. सगळे गप्प झाले. कुणी खोकलं नाही. बाईंचे हात चालत राहिले. बारा डावे भाग संपले तसा खालचा उजवा ढीग ओढला गेला आणि त्यालाही खिसे लागत गेले. हसरी मावशी हसली नाही, बाळ रडलं नाही. स्वच्छ, रिकाम्या थिएटरात दोघे भाऊ एकटेच एकमेकांवर रुसून बसले होते. मध्यंतर झालं तेव्हा खिसे संपले होते आणि समोर बारा कोट तयार होते, प्रत्येकाला छातीवर दोन-दोन खिसे. उरलेल्या बारांना एकही नाही.

त्यांनी ते कोट पुन्हा मोजले. मग शिवण उसवायची सुई घेतली. पांढऱ्या कापडातून दोरा निघतो, पण टाक्यांची भोकं राहतात. ती धुतल्याशिवाय जात नाहीत. संध्याकाळी नवरा आला तेव्हा दोरीवर बारा कोट वाळत होते. बाईंनी झालेला घोटाळा सांगितला.

"दोन खिसे? डॉक्टरांची कमाई वाढली काय?"

टेलरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खोकलाकाका गेले हो. सगळेच गेले. पोरीनं ज्यांना नावं दिली, त्यांतलं कुणी राहिलं नाही." आणि डोळे पुसायला त्यांनी जो कापडाचा तुकडा घेतला तो नेमका खिसा होता.

महिन्याचे तेरा दिवस अजून बाकी होते. रविवारची दुपार. टेलरबाई टीव्ही न लावता काजं करत बसल्या होत्या. फोन वाजला. मुलीचा नंबर. महिना झालेला नाही, म्हणजे काहीतरी बिनसलंय. त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडून शब्द नाही. नुसता खोकला. दोनदा कोरडा आणि एकदा खोल.

"बटण? कधीपासून खोकतेस? ताप आहे का? तू गरम पाण्यानं गुळण्या कर, मी बाबांना पाठवते, रात्रीची गाडी असेल..."

"आई. आई, थांब. काकांचा खोकला आहे गं."

टेलरबाईंनी हातातला कोट खाली ठेवला.

"काल रूमवरच्या मुलींना आपला सिनेमा दाखवला," मुलगी म्हणाली. "मला जरा... कसंतरी होत होतं. म्हटलं, तो लावू. तर यात काकाच नाहीत. भांडण झालं, सगळे गप्प, आणि मी आपोआप खोकले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग मी हसरी मावशीसारखी आधीच हसले. त्यांना वाटलं, हिला काहीतरी झालंय."

"इथेही नाहीत गं काका. सीडी तुटली."

"तुटली? मग तुझे खिसे?"

मुलीला खिसे आठवले. टेलरबाईंनी मग दोन खिशांच्या कोटांचं सगळं रामायण सांगितलं आणि पलीकडे मुलगी इतकी हसली, की तिला खरोखरच ठसका लागला. टेलरबाईंच्या तोंडावर "पाणी पी" आलं होतं. त्यांनी ते गिळलं. मग मुलगीच म्हणाली, "पाणी पिते, थांब."

पाऊण तास बोलणं झालं. फोन ठेवल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की आपण जेवणाचं विचारलंच नाही.

आठवड्यानं नवऱ्याच्या फोनवर एक लांबलचक रेकॉर्डिंग आलं. मुलगी आणि तिच्या तीन मैत्रिणींनी खोलीत बसून अख्खा सिनेमा लावला होता आणि त्यावर थिएटर भरलं होतं. खोकलाकाका स्वतः बटण. हसरी मावशी म्हणून एक जाड आवाजाची मुलगी, तीही वेळेच्या आधी हसत होती. बाळाचं रडणं इतकं वाईट झालं होतं, की नवरा म्हणाला, "हे बाळ नाही, मीटर बिघडलंय."

टेलरबाईंनी डावा ढीग घेतला आणि पाठ करून बसल्या. भाऊ भांडले. सगळे गप्प झाले. खोकला आला, दोनदा कोरडा, एकदा खोल, आणि त्याच्या मागोमाग, अगदी हळू, जणू मागच्या रांगेतल्या कुणीतरी शेजाऱ्याला सांगावं तसं, "जेवले गं."

हात थांबले. बाईंनी उजवा ढीग ओढला. मध्यंतराच्या जरा आधी बाळ रडलं, थांबलं आणि तोच आवाज म्हणाला, "दार आतून लावलंय." आणि शेवटी, धाकटा भाऊ तिकीट मागतो त्याच्या आधी, "बरी आहे. पुष्कळ बरी."

आता मुलीचा फोन दर रविवारी येतो, कधी मध्येच बुधवारीही. टेलरबाई आपणहून करत नाहीत असं नाही, पण दिवसाला सात नाहीत. नवरा चिडवतो, "अगं, ते जेवण दोन महिन्यांपूर्वीचं आहे. त्यानंतर पोरगी उपाशी असेल तर?" टेलरबाई दोरा दातानं तोडतात. ते त्यांनाही कळतं. पण बसही वीस वर्षांपूर्वीच घाटात थांबली होती, तरी रोज दुपारी ब्रेक लागल्यावरच त्या सुटकेचा श्वास टाकतात. तसंच हे. खोकला येतो, मुलगी जेवते आणि त्या मनातल्या मनात त्या अनोळखी माणसाला हात जोडतात, जो कधीकाळी सर्दी झालेली असतानाही सिनेमाला गेला होता. मग उजवा ढीग ओढतात.