मोटारीची पांढरी गादी

वडनेर भोलजीच्या वाहेदइतका भित्रा माणूस अख्ख्या नांदुरा तालुक्यात नसेल. आता भित्रा म्हटलं की भुताखेतांना भिणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तसं नाही, वाहेद जित्याजागत्या माणसांना भ्यायचा. बाप घोड्यांची खोगिरं शिवायचा. तीच सुई वाहेदच्या हातात आली, आणि महाराष्ट्र झाल्यावर मलकापूरच्या रस्त्यानं ट्रका वाढल्या तसा तो ट्रकांच्या गाद्यांना रेक्झिन चढवू लागला. हात असा साफ की टाका शोधून सापडू नये. पण गिऱ्हाईक शेजारी उभं राहिलं की याच्या सुईत दोरा जायचा नाही. "तुम्ही चहा पिऊन या ना," म्हणून तो लोकांना पिटाळायचा. त्याच्या या सवयीवर समोरचा चहावाला गब्बर झाला होता.

त्याची टपरी होती पंजाबराव पाटलांच्या जागेत. कागद ना पत्र, बापाच्या वेळेला पाटलांनी नुसतं "बस तिथं" म्हटलेलं. मागच्याच साली त्याच जागेतल्या सायकलवाल्यानं उलट उत्तर दिलं, तर पाटलांनी त्याला संध्याकाळच्या आत सामानासकट उठवलं होतं. वाहेदनं ते स्वतः पाहिलं होतं, आणि तेव्हापासून पाटलांची मोटार दिसली की तो टपरीच्या आत सरकायचा.

आणि नेमकी तीच मोटार एका सकाळी त्याच्या दारात येऊन थांबली. अकोल्याच्या कुठल्याशा साहेबाकडून घेतलेली लांबलचक परदेशी मोटार, आत पांढऱ्या रेक्झिनच्या गाद्या. ती चालवणारा भाऊराव उतरला आणि म्हणाला, "पाटलाच्या पोरीचं, अन्नपूर्णाताईचं लगन हाये. पाठवणी याच गाडीतून. पाटलानं सांगतलं, मागची गादी दुधावानी पांढरी पाह्यजे. परवा गादी घेऊन जातो."

गादी पिवळी पडलीच होती. थोडी वयानं, थोडी डोक्याच्या तेलानं. पण मधोमध बसायच्या जागी एक मोठा पिवळाजर्द डाग होता, तो कशाचा ते भाऊरावनं सांगितलं नाही, आणि वाहेदची विचारायची छाती झाली नाही. विचारलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

त्यानं गादी काढून आत घेतली, कपडे धुवायचा सोडा गरम पाण्यात कालवला आणि फडक्यानं घासायला लागला. तेलाचा मळ सुटला. कडा उजळल्या. मग त्यानं मधला डाग घासला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो डाग लाल झाला. गुलाबी-बिलाबी नाही, बोकड कापल्यासारखा लाल. फडकं लाल, बोटं लाल, बादलीतलं पाणी लाल.

वाहेदनं फडकं टाकलं. नवरीच्या बसायच्या जागी रक्त. तेही कोणाच्या टपरीत, तर वाहेदच्या. लोक काय म्हणतील, पाटील काय करतील, हे सगळं त्याच्या डोक्यात एकदम शिरलं आणि तिथंच फिरत राहिलं. त्यानं रॉकेल लावून पाहिलं, पेट्रोल लावून पाहिलं. डाग तसूभर हलला नाही. शेवटी त्यानं गादीवर ताडपत्री टाकली, ताडपत्रीवर पोतं टाकलं, फळ्या लावल्या आणि घरी जाऊन पांघरूण घेऊन पडला. भर वैशाखात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको सलीमा डबा घेऊन टपरीवर आली, कारण नवरा न जेवताच निघाला होता. तिनं पोतं उचललं, ताडपत्री उचलली, आणि कपाळाला हात लावला. घरात ती दोघं हिंदीच बोलत, पण मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो.

"हळद हाये हे," ती म्हणाली. "गेल्या साली पाटलाचा पोरगा नवरदेव झाला, हळद लागलेल्या अंगानं याच गाडीतून मारुतीच्या पाया पडाले गेला. साऱ्या गावानं पाह्यलं. हळदीले सोडा लागला का ते लालच होते. माही लग्नातली ओढणी अशीच झाली होती."

"मंग? गेलं का ते?"

"दोरीवर वाळू घातली, उन्हानं गेलं. जन्मात एक कपडा धुतला असता तं तुम्हालेही कळलं असतं. काढा बाहेर."

बाहेर म्हणजे रस्त्यावर. एसटी थांबते तिथं, चहावाल्याच्या समोर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेपुढे ती रक्ताळलेली गादी मांडायची. वाहेदनं पोतं पुन्हा गादीवर ओढलं. पण झाकून ठेवली तरी उद्या भाऊराव येणारच होता. दोघांनी गादी साध्या पाण्यानं पुसली, उचलली आणि भर उन्हात बाजेवर ठेवली.

घटकाभरात माणसं जमली. कोणी नाकाला धोतर लावलं. कोणी पाटलांच्या वाड्याकडे पळालं. आणि थोड्या वेळानं पंजाबराव स्वतः त्याच मोटारीतून आले, डोळे लाल करून.

"काय बे हे, वाहेद?"

वाहेद बाजेमागून पुढे आला. "हळद हाये पाटील. तुमच्या पोराच्या लग्नातली. मले माहीत नव्हतं, मीनं सोडा लावला. चूक माही हाये. उन्हानं जाईन."

"आधी झाक ते. व्याह्याचे लोक याच रस्त्यानं येऊन राह्यले."

वाहेदचा हात सवयीनं ताडपत्रीकडे गेला. ताडपत्रीचं टोक त्यानं धरलंसुद्धा. त्याला सायकलवाल्याचं रस्त्यावर पडलेलं सामान दिसत होतं. मग त्यानं टोक सोडून दिलं.

"झाकत नाही, पाटील," तो म्हणाला. "कालपासून झाकून ठेवलं, म्हणून तं तसंच राह्यलं."

पाटील टपरीत शिरून एका ट्रकच्या गादीवर बसले. "बसतो मी. नाही गेलं तं आजच उचल तुही टपरी."

दुपार सरकता सरकत नव्हती. वाहेद बाजेशेजारी उन्हातच उभा. व्याह्यांची माणसं आली, पाहून पुढे गेली, पाटील खाली मान घालून बसले. लाल विटकं झालं, विटक्याचं फिकं पिवळं झालं, आणि उन्हं कलताना वाहेदनं ओल्या फडक्यानं पुसलं तर खाली पांढरं रेक्झिन.

पाटलांनी येऊन तळहात फिरवला. "काय लावलं बे?"

"काही नाही. उघडं ठेवलं."

गादी मोटारीत बसवताना एका कोपऱ्याची शिवण उसवलेली दिसली. वाहेदनं सुई काढली. पाटील त्याच्या खांद्याशी उभे होते, आणि चहावाला सवयीनं कपबशी घेऊन वाटच पाहत होता. वाहेद कोणालाही चहाला जा म्हणाला नाही. दोरा पहिल्या खेपेला गेला नाही. त्यानं तो जिभेवर ओला केला, हात मांडीला पुसला, आणि पाटलांच्या देखत दुसऱ्या खेपेला ओवला.