ताट पुढे करावं

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी सांगितलंत की शाळेत आता फ्रेंच घेतलंय. बाईंनी पहिल्याच आठवड्यात तीन शब्द शिकवले, बोंजूर म्हणजे नमस्कार, पार्दों म्हणजे माफ करा आणि मेर्सी म्हणजे आभारी आहे, आणि एवढे आले की फ्रान्समध्ये कुठेही अडत नाही असं सांगितलं. त्यावर मी हसले आणि धाकटीला राग आला. म्हणून हसण्याचं कारण नीट लिहून पाठवते. तुमच्या बाईंचं काही चुकलेलं नाही. पण यातल्या तिसऱ्या शब्दापायी तुमची आजी दोन दिवस अर्धपोटी राहिली आणि एका भल्या बाईचं मन दुखावून बसली.

आमचं गाव मँचेस्टरच्या बाहेर, ट्रॅमने पाऊण तासावर. इथल्या बऱ्याच गावांनी फ्रान्समधल्या एकेका गावाशी नातं जोडलेलं असतं. आमच्याही गावाने जोडलंय. एका वर्षी इथली वीसेक माणसं तिकडे जातात आणि तिथल्या लोकांच्या घरी राहतात, पुढच्या वर्षी ते इकडे येतात. मला कितीतरी वर्षं जायचं होतं. शेवटी नाव दिलं, आणि नेमकं आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ते म्हणाले, "तू जा. मला चहा करता येतो." म्हणून एकटीच गेले.

जाण्याआधी सहा शनिवार लायब्ररीत आमची शिकवणी झाली. शिकवणारे गृहस्थ शाळेत फ्रेंच शिकवून निवृत्त झालेले इंग्रज. मनातल्या मनात मी त्यांना मास्तर म्हणायची. मी वही केली होती, प्रत्येक नियमाला नंबर दिला होता. पहिला नियम असा की दुकानात शिरल्यावर आधी बोंजूर म्हणायचं, मग काय हवं ते सांगायचं. तिथे पोचल्यावर मी तो पहिल्याच दिवशी मोडला. पावाच्या दुकानात इथल्या सवयीने "एक्सक्यूज मी, सॉरी" करत सुरुवात केली, तर बाईंनी माझ्याकडे बघून स्वच्छ "बोंजूर, मादाम" म्हटलं आणि गप्प उभ्या राहिल्या. मी बोंजूर म्हटल्यावर मग पाव मिळाला. मला राग नाही आला, उलट आवडलं. आधी माणसाची दखल घ्यायची, मग काम सांगायचं. यात वावगं काय?

माझी उतरण्याची सोय एका बाईंकडे होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, एकट्या राहणाऱ्या. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी आयुष्यभर मुलांना जेवू घातलेलं. इंग्रजी जेमतेम. मास्तरही आमच्याबरोबर आले होते, आणि जाताना बसमध्येच त्यांनी मला सांगून ठेवलं होतं की शाकाहारी पाहुणी म्हटल्यावर बाकीची घरं जरा कचरली. या बाई म्हणाल्या, मला द्या, मी सांभाळते. दोन आठवडे त्या बिनमांसाचे पदार्थ करून बघत होत्या. "तेव्हा पोटभर जेवा," मास्तर म्हणाले, "तिला त्याचं फार आहे."

पहिल्या दुपारी त्यांनी न विचारता सूप वाढलं. सुरेख होतं. मग ओव्हनमधून बटाट्याचं भांडं काढलं, वर साय आणि चीज खरपूस भाजलेलं. ते माझ्यापुढे धरून त्यांनी काहीतरी विचारलं. मी तोंडभर हसून म्हटलं, "मेर्सी, मादाम." त्यांनी भांडं उचललं आणि स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. मी काटा हातात धरून बसले.

संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी भात भरलेले टोमॅटो होते. वास असा की मी खुर्चीत सरसावून बसले. त्यांनी विचारलं, मी आणखी गोड आवाजात मेर्सी म्हटलं, आणि टोमॅटो परत गेले. मी पाव, चीज आणि सॅलड खाल्लं आणि खोलीत जाऊन बॅगेतला चिवड्याचा डबा उघडला.

त्या संध्याकाळी मी आजोबांना फोन केला. म्हटलं, इथे आग्रह म्हणून नाहीच हो. एकदा विचारतात आणि भांडं उचलतात.

"अगं, मग मागून घे."

"परक्या घरी मागून खाऊ?"

"मग चिवडा खा," असं म्हणून त्यांनी क्रिकेट लावलं.

मी मनातल्या मनात त्या बाईंना कंजूष ठरवून टाकलं. हे लिहायला लाज वाटते, पण लिहायचं ठरवलंय तर सगळंच लिहिते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या धुतलेले टॉवेल ठेवायला माझ्या खोलीत आल्या. टेबलावर डबा उघडाच होता, भोवती पोहे सांडलेले. त्या डब्याकडे बघत राहिल्या, टॉवेल ठेवले आणि गेल्या. खालून त्यांचा फोनवर बोलण्याचा आवाज आला. तासाभरात मास्तर हजर.

आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. मास्तर टोपी हातात फिरवत म्हणाले की मला दुसऱ्या घरी हलवावं असं बाईंना वाटतंय. गावात एक तरुण जोडपं आहे, त्यांच्याकडे खोली रिकामी आहे. मी विचारलं, माझं काही चुकलं का? बाई खाली बघून बराच वेळ बोलल्या. मास्तरांनी ते मला सांगितलं:

"ती म्हणते, मी दर वेळी विचारलं आणि तुम्ही दर वेळी नाही म्हणालात. हसून, पण नाहीच. आणि वर खोलीत आपलं आणलेलं खाता. तिला राग नाही आलेला. तिच्या घरातून पाहुणा उपाशी जाणं तिला सहन होत नाही."

"मी कधी नाही म्हणाले?" मी म्हटलं. "मी तर प्रत्येक वेळी मेर्सी म्हणाले."

मास्तरांनी टोपी टेबलावर ठेवली आणि डोळे मिटले. सहा शनिवारांत एवढी एकच गोष्ट त्यांच्याकडून सांगायची राहिली होती. कोणी भांडं पुढे धरलेलं असताना नुसतं मेर्सी म्हटलं की फ्रेंच माणूस समजतो, नको, आभारी आहे. हवं असेल तर 'कृपया' म्हणायचं, 'आनंदाने' म्हणायचं, काहीही म्हणायचं, पण मेर्सी नाही.

मुलांनो, मला तेव्हा नागपूरची आमची मिशनची शाळा आठवली. प्रत्येक गोष्टीला थँक यू म्हणायला तिथे आम्हाला घोटून शिकवलं होतं. मी एकदा घरी जेवताना आईलाही तसं म्हटलं. तिचा हात वाढता वाढता थांबला. "आभार कसले मानतेस? मी काय परकी आहे?" आमच्या घरी ताट पुढे केलं की वाढलं जायचं आणि ताटावर हात आडवा धरला की थांबायचं. त्या फ्रेंच स्वयंपाकघरात मी नुसती आईची मुलगी होऊन बसले असते, तर पहिल्याच दिवशी पोटभर जेवले असते. शिकलेले मॅनर्स आड आले.

मास्तरांनी बाईंना सगळं समजावलं. मग उठून त्यांनी फ्रिजमधून कालचे टोमॅटो काढले आणि गरम करायला ठेवले. सकाळचे अकरा वाजले होते. भांडं माझ्यापुढे धरून त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी एक अक्षर बोलले नाही. दोन्ही हातांनी ताट उचलून पुढे केलं. त्यांनी दोन टोमॅटो वाढले, मी ताट खाली घेतलं नाही, तेव्हा तिसरा वाढला. मग त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. मास्तरांनाही एक टोमॅटो खावा लागला. दुसऱ्या घराचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. दुपारी मी डबा खाली आणून टेबलावर ठेवला. त्यांनी आधी शेंगदाणे वेचून खाल्ले, मग कढीपत्त्याचं पान हातात घेऊन, याचं काय करायचं, असं खुणेने विचारलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या आमच्याकडे आल्या. आजोबांचा गुडघा तोवर बरा झाला होता, ते ट्रॅमच्या स्टॉपवर त्यांना घ्यायला गेले आणि बोंजूर म्हणून त्यांची बॅगही घेतली. मी वरण-भात, बटाट्याची भाजी आणि पोळ्या केल्या होत्या. तिसऱ्या पोळीला बाईंनी ताटावर हात धरून अगदी स्पष्ट म्हटलं, "मेर्सी." त्याचा अर्थ आता मला पक्का ठाऊक होता. तरी मी त्यांच्या बोटांच्या फटीतून अर्धी पोळी सरकवली. त्यांनी चमकून आजोबांकडे बघितलं. आजोबा इंग्रजीत म्हणाले, "या घरात फक्त तिसऱ्यांदा म्हटलेलं 'नाही'च खरं धरतात."

त्यांनी ती अर्धी पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्यांना 'पुरे' हा शब्द शिकवला. त्यांच्या तोंडी तो फारच गोड वाटतो, त्यामुळे तो ऐकायला मी मुद्दाम जास्त वाढायची.

त्या परत निघाल्या तेव्हा मी त्यांच्याबरोबर तोच डबा चिवड्याने भरून दिला. या मार्चमध्ये आमच्या गटातल्या, तिकडे जाऊन आलेल्या एका बाईंबरोबर तो परत आला, आत त्या फ्रेंच बाईंच्या हातची लोण्याची बिस्किटं होती. मी उघडला, आजोबांपुढे धरला आणि विचारलं, घेता का? ते म्हणाले, "मेर्सी."

मी झाकण लावलं आणि डबा कपाटात ठेवला. दोन मिनिटांनी ते रिकामी बशी घेऊन स्वयंपाकघरात आले आणि काही न बोलता ती पुढे केली.