काकींच्या टीव्हीवरच्या दोन रेघा

माझं अक्षर फार वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पुढे धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसले. शेजारच्या काकींकडे मासिकं येतात, त्यात लोक आपले असले अनुभव पाठवतात. मी पाठवणार नाही, तेवढं धाडस नाही. पण तसंच वहीत लिहून ठेवते… कुणी वाचलंच तर सांभाळून घ्या.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तिन्हीसांजेला विहिरीवर जाऊ नको म्हणायचे, मी जायचे. आजही भूतबीत मी मानत नाही. फक्त ही एक गोष्ट आहे, तिचं काय करायचं ते मला कळत नाही.

रत्नागिरीत बंदराच्या वरच्या अंगाला, चढावर आमचं घर. घरात आम्ही दोघंच, मूल नाही. हे शेठच्या मासेमारीच्या लाँचवर तांडेल, म्हणजे मुख्य, हाताखाली तीन खलाशी. एकदा गेले की चार-पाच दिवस समुद्रात. शहाऐंशी साली शेठनी लाँचवर वायरलेस बसवला आणि त्याचा जोडीचा सेट आमच्या घरी ठेवला, कारण घर उंचावर. मासळी किती मिळाली ते ह्यांनी कळवायचं, मी लिहून घेऊन शेठना चिठ्ठी पाठवायची. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, आपण खोलीत एकट्याच आहोत. म्हटलं, "अहो, जेवलात का? तुम्ही नसलात की घर नुसतं खायला उठतं." संध्याकाळी नळावर गेले तर बायका हसून लोळत होत्या. "काय गो, आज कुणाला खाल्लंन तुझ्या घरानं?"

दगडी गडग्यापलीकडे काकींचा टीव्ही, वाडीतला तेव्हाचा एकुलता एक. मी बटण दाबलं की त्यांच्या चित्रावर काळी रेघ यायची आणि टीव्हीतून माझा आवाज! अर्धी वाडी समोर बसून ऐकत होती.

त्यानंतर मी वायरलेसवर तोंड उघडलं नाही. ह्यांना काही सांगावं लागलं नाही. बोलण्याआधी ते बटण दोनदा दाबायचे – एक लहान, एक लांब. म्हणजे, सेटजवळ ये. मीही तसंच दाबायचे. म्हणजे, आले, ऐकतेय. मग ते मासळी सांगायचे आणि शेवटी पुन्हा तेच, एक लहान, एक लांब. दिवसातून दोनदा आमचं बोलणं ते एवढंच. पण मी त्याची सकाळपासून वाट बघायचे.

न बोलताही टीव्हीवर रेघ मात्र यायचीच. काका शेठकडे गेले – सेट हलवा नाहीतर मी वायर तोडतो. सेट गेला असता तर ते चार-पाच दिवस मी कशावर काढायचे?

शेठनी मेकॅनिक पाठवला. तो काकींच्या टीव्हीसमोर बसला आणि गडग्यावरून ओरडायला लागला, "दाबा, वहिनी! सोडा! परत दाबा!" त्याने काकांचा अँटेना फिरवला, टीव्हीची चपटी वायर काढून जाड गोल घातली, माझा सेट दुसऱ्या भिंतीला नेला. रेघ अंधूक झाली पण गेली नाही. मग म्हणाला, "अर्थिंग नाही, दुसरं काय! सगळा जांभा, कोरडा ठणठणीत." दारात हातभर खड्डा खणून कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी घातली. "ह्यात रोज कळशीभर पाणी ओता," म्हणाला. ओतलं आणि रेघ गेली. साफ गेली. काकींनी त्याला दोनदा चहा दिला. मी रोज खड्ड्याला पाणी घालू लागले, तुळशीला घालते तसं. ह्यांना हसू आलं होतं. "खड्ड्याला काय पालवी फुटायची आहे?"

हे दिवाळीच्या आधीचं.

दिवाळीनंतर एका शुक्रवारी वारा फिरला. बाकीच्या लाँची परत आल्या, आमची आली नाही. वायरलेसवर काही नाही. शेठ म्हणाले, जयगडच्या खाडीत शिरले असतील, येतील. शनिवारी माझ्या सेटची बॅटरीही उतरली, ती चार्जिंगला दुकानात दिली. मग घरात बसवेना. रविवारी सकाळी मी काकींच्या खिडकीशी बाहेरच उभी होते; त्या हसण्यानंतर आत बसायची मला लाज वाटायची. आत टीव्हीला माणसं गच्च.

आणि चित्रावर रेघ आली. एक लहान, एक लांब.

काकींनी वळून बघितलं. "काय गो, परत सुरू केलंस?" आणि मी खिडकीत दिसल्यावर त्यांचा चेहराच उतरला. काका उठून आमच्या घरी गेले. सेट होता, बॅटरीच्या स्टुलावर काही नव्हतं. ते परत येईपर्यंत आणखी दोनदा आली. एक लहान, एक लांब. मग नाही.

एक गोष्ट सांगते. टीव्हीवर रेघ यायची ती माझ्या बटणाची, कारण माझा सेट शेजारी. ह्यांचं बटण समुद्रातून तिथे कधीच उमटलं नव्हतं.

मी चपलाही न घालता शेठकडे गेले. आयुष्यात त्यांच्याशी कधी तोंड वर करून बोलले नव्हते. म्हटलं, "लाँच पाठवा. बोलावतायत."

"वहिनी, टीव्हीवर रेघा आल्या म्हणून मी माणसं पाठवू? डिझेल काय समुद्रातून भरायचं?"

"डिझेलचे पैसे मी देते," म्हटलं. कुठून बोलले कुणास ठाऊक. माझ्याकडे वीस रुपये पण नव्हते. काकी मागून आल्या होत्या. त्यांनी रंगीत टीव्हीसाठी साठवलेले चारशे रुपये शेठच्या पुढ्यात ठेवले.

सोमवारी दुपारी आमची लाँच सापडली. बंद इंजिन, वाहत चाललेली. तिघं खलाशी जिवंत होते, पण प्यायचं पाणी संपून दिवस झाला होता.

हे नव्हते.

बाबल्या खलाशी माझ्यासमोर उभा राहीना, खालीच बसला. "तांडेल शुक्रवारीच गेले, वयनी. पंख्यात जाळं अडकलं, ते तोडायला पाण्यात उतरले. लाटेनं नेलंन."

"वायरलेस कुणी लावला?"

"कसला वायरलेस? त्याच लाटेत बॅटरी बुडाली. कुणी हात पण नाय लावला, देवाशप्पत."

मेकॅनिकला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, दोन दिवस खड्ड्यात पाणी घातलं नव्हतंत, अर्थिंग कोरडं पडलं असेल. घातलं नव्हतं हे खरं. मग म्हणाला, "पण वहिनी, रेघ यायला कुठलातरी सेट चालू लागतो."

तीन घरांतली माणसं परत आली. मग बोलावलं ते त्यांच्यासाठी का? माझा निरोप घ्यायला का नाही?

डिझेलचे पैसे शेठ परत द्यायला निघाले होते. बाबल्याही आला होता. मी कुणाचे घेतले नाहीत. हाक मला आली होती, त्यावर गेले ते पैसे माझे. सुकट, बोंबील वाळवून विकते, त्यातून दहा-वीस करून काकींना देत आले. शेठनी सेट नेला. खड्डा आहे, पाणी घालते.

परवा शेवटचे वीस रुपये दिले. काकींनी ते मुठीत धरले आणि म्हणाल्या, "फिटले गो, सगळे फिटले. आता तरी आत येऊन बस." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या टीव्हीसमोर, आत बसले. चित्र शेवटपर्यंत साफ होतं.