कुत्रं मोकळं हाय

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनही चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली. वाचताना अडलात तर माफ करा. जे लिहिते आहे ते आमच्या घरात आजपर्यंत कोणालाच ठाऊक नाही — नवऱ्यालाही नाही.

सेनगावकडच्या आमच्या गावाला मोठं गायरान आहे. तिथं सगळ्यांची मेंढरं-शेरडं चरतात, आणि सगळ्यांची कुत्रीही असतात. मेंढ्या व्यायल्या की एक रीत पाळायची — कुत्र्याच्या गळ्यात लोढणं. म्हणजे लाकडाचा ठोकळा. कुत्रं पळालं की तो पायांत येतो, कोकराच्या मागं लागता येत नाही. कोणाला लोढणं काढायचंच असलं तर त्यानं आधी बांधावरून ओरडून सांगायचं, "कुत्रं मोकळं हाय." मग बाकीचे आपापली कोकरं जवळ घेत. एवढंच. किती सोपं आहे ना?

नव्वदनंतरचं ते साल. मी नवी सून होते. आमचा काळू तरणा, खेळकर. ठोकळा ओढत चालताना केविलवाणा दिसायचा. एका दुपारी मी त्याचं लोढणं काढलं. ओरडायला मात्र — झालं नाही. पलीकडे माझे भासरे बसले होते. थोरल्या दिरासमोर आवाज कसा काढायचा? असं मी मनाला सांगितलं. पण उठून चार बायकांना हळूच सांगता आलं असतं. तेही केलं नाही.

तेवढ्यात शेजारची गयाबाई आली. एकटी बाई, दोन शेरडं, आणि ठिपक्या नावाचं म्हातारं कुत्रं. ती बांधावर उभी राहून म्हणाली, "माझं कुत्रं मोकळं हाय गं, मान सोलली त्याची. कोकरं बघा आपली."

"तुझं म्हातारं कोणाला धरतंय मावशे," कोणीतरी हसलं, "कोकरंच धरतील त्याला."

मग ओढ्याच्या वळणाला काळूनं गावातल्या सखारामचं कोकरू लोळवलं. खेळातच असेल. मी पोचले तेव्हा कोकराची मान — ते नाही लिहीत. मी काय केलं ते लिहिते. ओढ्यात काळूचं तोंड धुतलं. लोढणं परत घातलं. आणि मेंढरांत येऊन बसले.

गावानं विचारलं, आज मोकळं कोणाचं होतं? उत्तर सगळ्यांनी ऐकलेलंच होतं. गयाबाई म्हणत राहिली, "त्याला दात न्हाईत हो, तोंड उघडून बघा तरी."

"तूच वरडून सांगितलंस ना बाई?" सखाराम म्हणाला.

मी तिथंच उभी होते. बोलले असते तर काय झालं असतं? शिव्या बसल्या असत्या. फार तर चार दिवस माहेरी धाडलं असतं.

गयाबाईनं कोकराची किंमत मजुरी करून भरली. ठिपक्याला गायरान बंद झालं. जन्मभर शेरडांमागं हिंडलेलं कुत्रं दारातल्या खुंट्याला बांधलं गेलं. आमच्या अंगणातून दिसायचं. मला बघून शेपूट हलवायचं. पावसाळा सरायच्या आत ते मेलं.

त्यानंतर गायरानात कोणी ओरडून सांगेना. जो सांगतो तोच सापडतो, हे लोक शिकले. कोणामुळे शिकले?

पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या स्वतःच्या नावाची शेरडं झाली. त्यांतली दोन विकून मी गयाबाईकडे गेले. सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. हात थांबला नाही.

"आता काहून आलीस?" तिनं विचारलं.

मी पैसे पुढं केले, कोकराच्या चालू भावानं. तिनं मोजले आणि निम्म्याहून जास्त माझ्याकडं सारले.

"कोकराचे भरले तेवढेच घेते. ठिपक्याचे यात धरू नको."

मी उरलेले पदरात बांधून घरी आले. कोकराचे पैसे पूर्ण फिटले.